बार्बाडोसचं तिकीट, रविवारची संध्याकाळ आणि वर्ल्ड कपचा आराखडा

लेगबाय_चोर

फेब्रुवारीतल्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपचे गट जाहीर झाले. भारत, पाकिस्तान, अमेरिका, नेदरलँड्स, नामिबिया. भारत-पाकिस्तान सामना १५ फेब्रुवारी २०२६, कोलंबो. तारीख वाचल्यावर कॅलेंडर उघडलंच नाही. रविवारच असणार म्हटलं. नंतर खात्री केली, रविवारच आहे.

त्यावरून मावसभावाचं तिकीट आठवलं. तो न्यू जर्सीला असतो. २००७ च्या वर्ल्ड कपला त्याने आणि तीन मित्रांनी १५ एप्रिलची, ब्रिजटाऊन, बार्बाडोसची तिकिटं महिनोन्‌महिने आधी काढली. त्या दिवशी भारत-पाकिस्तान होणार, असं सगळेच धरून चालले होते. त्या वर्ल्ड कपमध्ये १६ संघ, चार-चारचे चार गट, प्रत्येक गटातले दोन पुढे सुपर एटला. पण सुपर एटमधल्या जागा आधीच मानांकनानुसार नावावर करून ठेवल्या होत्या, म्हणजे तिकीटविक्रीला आणि टीव्हीला अडचण नको. जो संघ आपल्याला हरवून पुढे जाईल, त्याने आपल्या खुर्चीत बसायचं.

१७ मार्चला एकाच दिवशी भारत बांगलादेशकडून हरला आणि पाकिस्तान आयर्लंडकडून. २३ तारखेला श्रीलंकेने आपला उरलासुरला निकाल लावला. खुर्च्या मात्र जागच्या जागी होत्या. म्हणून १५ एप्रिलला ब्रिजटाऊनला आमच्या भावाने आयर्लंड विरुद्ध बांगलादेश हा सामना बघितला. आयर्लंड ७४ धावांनी जिंकलं. ते तिकीट त्याने फ्रेम करून न्हाणीघराच्या दारावर लावलं आहे.

मला वाटतं आजचा वर्ल्ड कप त्या दिवशी जन्माला आला. पुढच्या दोन्ही वेळी, २०११ आणि २०१५ ला, सातसातचे दोन गट आले. म्हणजे कितीही वाईट खेळलं तरी भारताचे सहा सामने पक्के. २०१९ आणि २०२३ ला दहाच संघ आणि प्रत्येकाचे नऊ सामने. आणि २०१३ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीपासून आयसीसीची प्रत्येक पुरुष स्पर्धा काढून बघा, गट असतील तर भारत-पाकिस्तान एकाच गटात. चिठ्ठ्या टाकून हे दर वेळी जमत नसतं. आयसीसीचे तेव्हाचे मुख्याधिकारी डेव्ह रिचर्डसन यांनी २०१६ मध्ये, आम्ही तसा प्रयत्न करतो, हे मान्यही करून टाकलं होतं.

खेळात पैसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हॉटेलची खोली, सुटकेस आणि बुकी येतो. हे त्याहून साधं आहे आणि पूर्ण कायदेशीर आहे. निकाल कोणी विकत घेत नाही, पण निकालाने कोणाचं नुकसान होऊ नये अशी तजवीज आराखड्यातच करून ठेवतात. खेळाची गंमत अनिश्चिततेत, आणि पैसा लावणाऱ्याला नेमकी तीच नको असते. तुम्हाला काय वाटतं?

खारे_दाणे

पहिला! धागा वाचनखूण म्हणून साठवला. न्हाणीघराच्या दाराचा फोटो टाका.

प्रभातफेरी

लेखकमहाशय, तक्रार नक्की काय आहे ते कळलं नाही. लोकांना भारत-पाकिस्तान बघायचा आहे, ते दाखवतात. हलवाई पेढे विकतो म्हणून कोणी रागावत नाही. विम्बल्डनमध्ये १९२७ पासून मानांकनं आहेत, तीही तगडे खेळाडू पहिल्याच फेरीत एकमेकांना भिडून बाद होऊ नयेत म्हणूनच. आणि दहा संघांनी सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, यात वाईट काय? १९९२ चा वर्ल्ड कप असाच होता. आजही लोक त्याच्याच आठवणी काढतात.

लेगबाय_चोर

@प्रभातफेरी, विम्बल्डनचं मानांकन तगड्यांना लांब ठेवतं. इथे दोघांना ओढून जवळ आणतात. पेढ्याचं म्हणाल तर हलवायाने पेढ्यासाठी बर्फी बनवायची बंद केली तर मी नक्की रागावेन.

१९९२ ला नऊ संघ होते, कारण मोठे म्हणावे असे तेवढेच होते. २०१९ ची गोष्ट वेगळी. आयर्लंडला २०१७ मध्ये कसोटीचा दर्जा दिला आणि दोन वर्षांनी वर्ल्ड कपला जागा नाही. झिम्बाब्वेही बाहेर. पात्रता फेरीत हरारेला स्कॉटलंड वेस्ट इंडीजकडून पावसाच्या हिशोबाने ५ धावांनी हरलं. त्या डावात रिची बेरिंग्टनला पायचीत दिलं तो चेंडू लेग स्टंपच्या बाहेर जात होता. रिव्ह्यू घेता आला नाही, कारण त्या स्पर्धेत डीआरएसच नव्हता. मोठ्यांच्या स्पर्धेत प्रत्येक चेंडूचे डझनभर कॅमेरे आणि जिथे धाकट्यांचं चार वर्षांचं भवितव्य ठरतं तिथे पंचाचा एक डोळा.

दहा_सेकंद

बरीच वर्षं इथे नुसती वाचते. या धाग्यावर मात्र राहवलं नाही. मी जाहिरातींच्या मीडिया बाइंगमध्ये आहे, लोअर परळला, १४ वर्षं.

आम्ही सामना विकत घेत नाही, सेकंद घेतो. सगळा दर दहा सेकंदांचा असतो, म्हणून हे आयडी. दोन षटकांमधला वेळ, विकेट पडल्यावरचा वेळ, पाण्याचा ब्रेक, हा आमचा माल. आयपीएलमध्ये २००९ साली 'स्ट्रॅटेजिक टाइमआउट' आला तेव्हा सुरुवातीला तो चक्क साडेसात मिनिटांचा होता. खेळाडूच वैतागले, लय तुटते म्हणाले. मग तो अडीच-अडीच मिनिटांचे दोन तुकडे करून डावात पसरवला. त्यात डावपेच किती आखले जातात ते तुम्हीच बघा. आमच्याकडे त्याला ब्रेकच म्हणतात.

आकडा हवा असेल तर, २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटींना गेले. हिशोब ४१० सामन्यांचा धरला होता. सामन्याला ११८ कोटी. दोन्ही डाव पूर्ण झाले तर २४० चेंडू. म्हणजे चेंडूला साधारण ४९ लाख. बुमराने निर्धाव टाकला काय आणि कोणी षटकार मारला काय, ४९ लाख आधीच खर्च झालेले असतात. ते आमच्याकडून आणि तुमच्या रिचार्जमधून वसूल व्हायचे असतात.

आता मूळ मुद्दा. १७ सप्टेंबर २०२३, आशिया कपची फायनल, कोलंबो. सिराजने ६ बळी घेतले, श्रीलंका ५० धावांत गारद, आपण ६.१ षटकांत जिंकलो. दोन्ही डाव मिळून १२९ चेंडू. शंभर षटकांच्या सामन्यातली साडेएकवीस षटकं झाली. तुम्ही पेढे वाटलेत. न झालेल्या जवळपास ७८ षटकांचे स्पॉट विकलेले होते, त्यांचं काय? असे स्पॉट मग दुसऱ्या कुठल्या तरी कार्यक्रमात 'मेकगुड' म्हणून बसवावे लागतात, आणि भारताच्या फायनलऐवजी मंगळवारी दुपारचा पुनःप्रक्षेपणाचा स्लॉट कुठल्या क्लायंटला चालेल?

म्हणून सपाट खेळपट्ट्या. कोणी फोन करून गवत काप म्हणत नाही, निदान माझ्यासमोर तरी कधी नाही. पण पूर्ण चाळीस षटकं चाललेला सामना सगळ्यांनाच हवा असतो. संघमालकाला, चॅनेलला, आम्हाला, आणि खरं सांगा, दोन हजारांचं तिकीट काढून आलेल्या माणसालाही.

आडवी_बॅट

+१. असा प्रतिसाद आला की या संस्थळावर येण्याचं सार्थक होतं.

चेंडूला ४९ लाख म्हणजे आमच्या कोथरूडच्या वन बीएचकेचा अर्धा भाग. वाइड टाकला तर फुकटात?

दहा_सेकंद

वाइडला आम्ही बोनस म्हणतो :)

महालकर_१९४८

नमस्कार. मी नागपूरचा, वय ७७. आपण सर्व जण पैसा टीव्हीबरोबर आला असे गृहीत धरता, म्हणून लिहितो.

मुंबईत ब्रेबॉर्नसारखे देखणे मैदान असताना हाकेच्या अंतरावर वानखेडे कशासाठी बांधले? तिकिटांसाठी. ब्रेबॉर्न क्लबच्या मालकीचे. कसोटीच्या वेळी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनला किती आसने द्यायची यावरून वर्षानुवर्षे तंटा. अखेर शेषराव वानखेडे यांनी वेगळे स्टेडियमच उभे केले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. वानखेडे आमच्या विदर्भातले, हे मुंबईकर विसरतात.

पुढचे प्रकरणही तिकिटांचेच. १९८३ च्या अंतिम सामन्याला मंडळाचे अध्यक्ष एन. के. पी. साळवे लॉर्ड्सला होते. त्यांनी जास्तीचे पास मागितले, मिळाले नाहीत. तो अपमान त्यांच्या मनात राहिला आणि १९८७ चा वर्ल्ड कप प्रथमच इंग्लंडबाहेर आला. नाव रिलायन्स कप. येथील दिवस लहान म्हणून साठ षटकांची पन्नास झाली. त्याआधीच्या तिन्ही स्पर्धांना प्रुडेन्शियल या विमा कंपनीचे नाव होते. म्हणजे लेगबाय_चोर नुकसान होऊ नये अशा तजविजीबद्दल बोलतात, ती विम्याची भाषा कपाला सुरुवातीपासून चिकटलेलीच आहे.

आणि आम्ही किती गरीब होतो ते ऐका. १९८३ चे विजेते परत आले तेव्हा मंडळाकडे त्यांना बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये दिले. दूरदर्शन तर सामना दाखवण्याबद्दल मंडळाकडेच पैसे मागत असे. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणाचे प्रकरण कोर्टात गेले आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठात होते. आजचे तुमचे ४८ हजार कोटी त्या निकालाच्या दारातून आत आले. न्यायालयाने 'सार्वजनिक' म्हटले होते, एवढे लक्षात ठेवावे.

जाता जाता. ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर, न्यूझीलंडविरुद्ध. चेतन शर्माची हॅट्ट्रिक आणि अंगात ताप असताना गावसकरचे ८८ चेंडूंत नाबाद १०३, एकदिवसीयमधले एकुलते एक शतक. मी पूर्वेच्या स्टँडमध्ये होतो. ती घाई कशासाठी होती? धावगतीने गटात पहिले आलो तर उपांत्य सामना मुंबईत, नाही तर लाहोरला. मुंबई मिळाली आणि गूचने स्वीप मारमारून आम्हाला घरी पाठवले. कोणतीही तजवीज उपयोगी पडली नाही.

लेगबाय_चोर

काका, साष्टांग नमस्कार. तुमच्या शेवटच्या वाक्याने माझा अर्धा धागा उडवलात, तरी चालेल.

खारे_दाणे

नागपूरवाल्यांनी गावसकर बघितला, आम्ही पुणेकरांनी केनिया बघितली. २९ फेब्रुवारी १९९६, नेहरू स्टेडियम. केनिया १६६, वेस्ट इंडीज सर्वबाद ९३. वडिलांनी शाळा बुडवून नेलं होतं. लाराला बघायला गेलो आणि तो ८ धावांवर गेल्यावर वडील म्हणाले, डबा खाऊन घेऊ. डबा संपायच्या आत आणखी दोन गेले.

त्या वर्ल्ड कपचं नावच एका सिगारेट कंपनीचं होतं. अधिकृत पेय कोका-कोला. आणि पेप्सीने 'नथिंग ऑफिशिअल अबाउट इट' म्हणून अशी जाहिरात केली की आमच्या वर्गात निम्म्यांना अधिकृत पेय पेप्सीच वाटायचं.

पण लेगबाय, तुमच्या सिद्धांताला इथे एक भोक आहे. त्या स्पर्धेत सहासहाचे दोन गट होते आणि सहातले चार पुढे. म्हणजे केनियाकडून हरूनही वेस्ट इंडीज पुढे गेले, पार उपांत्य फेरीपर्यंत. मोठ्यांना दुसरी संधी द्यायची सोय २००७ च्या आधीपासून होती. उलट २००७ हाच अपवाद, तिथे सोय करायला विसरले.

लेगबाय_चोर

मान्य. वाक्य सुधारतो: २००७ ला विसरले, आणि मग कधीच विसरले नाहीत.

प्रभातफेरी

तुम्ही सगळे मिळून गरिबीचं कौतुक चालवलंय. आज रणजीत ४० पेक्षा जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार मिळतात. जुन्या प्रथमश्रेणी खेळाडूंचं पेन्शन २०२२ मध्ये १५ हजारांवरून ३० हजार केलं. हे पैसे कुठून आले? १९५२ ला खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला लोकवर्गणी काढावी लागली, राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार दिले. ते दिवस परत हवेत का?

मातीतला

खाशाबांचं नाव निघालं म्हणून आलो. मी वाळवा तालुक्यातला, कबड्डीवाला. गुडघा गेला, आता शाळेत पोरांना शिकवतो.

आमच्या वेळी कबड्डी म्हणजे नोकरीची शिडी. चांगला खेळलास की रेल्वे, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम. गावातल्या मैदानावर माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून तयार करायची. सामना संध्याकाळी कितीला लागेल हे मंडळाचा अध्यक्ष जेवून आल्यावर ठरायचं. २०१४ ला प्रो कबड्डी आली. पुढच्याच वर्षी स्टारने ती चालवणाऱ्या कंपनीत ७४ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे बघा, ज्याने सामना दाखवायचा तोच स्पर्धेचा मालक. क्रिकेटमध्ये निदान दोघं वेगळे आहेत.

मग नियम आले. सलग दोन चढाया मोकळ्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय'. तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड केली की 'सुपर टॅकल', एक गुण जादा. टीव्हीवर कंटाळा येऊ नये म्हणून, दुसरं काय. आमचे जुने लोक नाकं मुरडायचे. मीही मुरडलं. पण खरं सांगतो, खेळ सुधारला. आधी पुढे असलेला संघ नुसता दम घुमवत वेळ काढायचा, बघणारा उठून जायचा. ते बंद झालं.

आणि पैसा. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. २०१९ ला आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना गेला. २०२३ ला पवन सेहरावत २ कोटी ६० लाखांवर. चंदगडचं पोरगं कोटीत, हे कबड्डीमहर्षी बुवा साळवींना सांगितलं असतं तर ते हसले असते.

आता वाईट. लीग मॅटवर खेळतात, म्हणून सगळं मॅटवर आलं. मॅट, बूट, एसी हॉल. माझ्या शाळेला मॅट परवडत नाही. पोरं मातीत शिकतात आणि निवड चाचणीला मॅटवर पहिल्यांदा उभी राहतात, पाय अडकतात, गुडघे जातात. दुसरं म्हणजे मुली. २०१६ ला मुलींची तीन संघांची स्पर्धा केली, एक हंगाम, आणि गुंडाळली. माझ्याकडे मुलांपेक्षा मुली जास्त येतात. त्यांनी टीव्हीवर कोणाला बघायचं?

सोनचाफा

@मातीतला, शेवटचा परिच्छेद वाचून थांबले.

मी ९० च्या दशकात महिला क्रिकेट खेळले. नाव नको. अनारक्षित डब्यातून किट बॅगांवर बसून गेलो आहोत, डॉर्मिटरीत झोपलो आहोत, चार जणींत एक चांगली बॅट. तेव्हा महिलांची संघटना वेगळी होती, बीसीसीआयच्या छत्राखाली २००६ ला आलो. २००५ च्या वर्ल्ड कपला भारतीय मुली अंतिम फेरीत पोचल्या, मानधन सामन्याला एक हजार रुपये. हे मिताली राजनेच सांगितलं आहे.

त्यामुळे पैशाने खेळ नासतो वगैरे ऐकलं की मला हसू येतं. आमचा खेळ पैसा नसल्यामुळे नासत होता. २०२३ ला डब्ल्यूपीएलचे, म्हणजे मुलींच्या आयपीएलचे, हक्क ९५१ कोटींना गेले आणि लिलावात सांगलीची स्मृती सगळ्यात महाग, ३ कोटी ४० लाख. त्या रात्री आमच्या जुन्या संघाच्या ग्रुपवर कोणी काही लिहीतच नव्हतं, नुसते रडके चेहरे.

२ नोव्हेंबर २०२५ ला महिला वर्ल्ड कपच्या फायनलला डी. वाय. पाटील स्टेडियमवर होते. पाऊस, उशिरा सुरुवात, कोणी हललं नाही. हरमनने शेवटचा झेल घेतला तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात इतका दाबला की दुसऱ्या दिवशी बोट सुजलं होतं. साखळी सामन्यांची तिकिटं शंभर रुपयांपासून होती. पुरुषांच्या सामन्याला शंभर रुपयांत पाणीपण नीट मिळत नाही. आमच्या पुढच्या रांगेत पनवेलहून आलेलं अख्खं कुटुंब, आजीसकट.

पण गंमत बघा. इतकी वर्षं 'बाजार नाही' म्हणून आम्हाला दाखवलं नाही, आणि दाखवत नव्हते म्हणून बाजार नव्हता. दहा_सेकंद ताई, हे कोण ठरवतं?

दहा_सेकंद

आम्हीच. मागच्या वर्षीचे आकडे बघून या वर्षीचं ठरवतो. जे मागच्या वर्षी दाखवलंच नाही त्याचा आकडा शून्य. याला उत्तर नाही माझ्याकडे.

तुरीची_डाळ

मी लातूरचा. माझं जरा वेगळं हाय.

एप्रिल २०१६. आमच्या इथं पाण्याच्या टाकीजवळ जमावबंदी होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनावर अर्धं गाव बघाया गेलं. दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. मुंबईतली फायनल बंगळुरूला गेली. पुण्याच्या संघाचं घर विशाखापट्टणमला गेलं. १ मेचा एक सामना तेवढा पुण्यात होऊ दिला.

तेव्हा टीव्हीवर हजार कोटी बुडतील, पर्यटन बुडेल असं चालू होतं. आम्ही हंडे घेऊन उभे होतो आणि ते ऐकत होतो.

प्रभातफेरी

भावना समजतात. पण सामने गेल्यामुळे लातूरला एक हंडा तरी जास्त पाणी आलं का? वानखेडेवरचं पाणी वाचवून मराठवाड्यात जात नाही. ऊस सगळं पितो, त्यावर बोलायला कोणी तयार नाही. क्रिकेट दिसतं म्हणून क्रिकेटला झोडपलं.

तुरीची_डाळ

नाय आलं. उसाचं तुमचं बरोबर हाय, माझ्या चुलत्याचाच हाय चार एकर. पण तुम्ही हिशोब विचारताय, मी ते टीव्हीवर काय ऐकाया आलं ते सांगतोय. सामन्याचं नुकसान कोटीत सांगत होते. आमचं कोणी कशातच सांगत नव्हतं.

आडवी_बॅट

अवांतर: पुण्याच्या संघाचा विषय निघाला म्हणून. सहाराने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरला संघ घेतला, २०१३ ला गाशा गुंडाळला. गहुंजेच्या स्टेडियमवरचं नावही गेलं. मग सुपरजायंट्स आले, दोन हंगाम, तेही गेले. पुण्यात भाडेकरूसुद्धा यापेक्षा जास्त टिकतात. टीम इंडियाच्या छातीवरची नावं तर बघूच नका: सहारा, मग स्टार, मग ओप्पो, मग बायजूज, मग ड्रीम११. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांविरुद्ध कायदा आला आणि आशिया कपला आपण कोऱ्या छातीने खेळलो. मला तर तीच जर्सी सगळ्यात आवडली.

म्युनिकची_मिसळ

फुटबॉलवाल्यांची हजेरी लावतो. तुमचा टाइमआउट आमच्याकडे पोचतोय. २०२६ च्या वर्ल्ड कपला फिफाने प्रत्येक अर्धात तीन मिनिटांचा पाणी प्यायचा ब्रेक जाहीर केलाय, हवा थंड असो की गरम. छप्पर बंद आणि एसी चालू असलेल्या स्टेडियममध्येही. कोणाची तहान भागणार ते समजलंच असेल.

ऑलिम्पिकचंही तेच. टोकियोत १९६४ चं ऑलिम्पिक ऑक्टोबरमध्ये झालं होतं, कारण तिथला उन्हाळा असह्य असतो. दुसऱ्यांदा मात्र भर जुलै-ऑगस्टमध्ये, कारण ऑक्टोबरमध्ये अमेरिकन टीव्हीवर त्यांचं फुटबॉल चालू असतं. मग मॅरेथॉन आठशे किलोमीटर उत्तरेला, साप्पोरोला न्यावी लागली. बीजिंगला २००८ मध्ये पोहण्याच्या अंतिम शर्यती सकाळी ठेवल्या, म्हणजे अमेरिकेत रात्री जेवणानंतर फेल्प्स दिसावा. पोहणारे म्हणतात शरीर संध्याकाळी उघडतं. शरीराचं कोण ऐकतो!

लेगबाय_चोर

इथपर्यंत वाचून माझं मत थोडं हललं आहे, ते लिहून टाकतो. सोनचाफा आणि मातीतला यांचं वाचल्यावर 'पैसा वाईट' असं म्हणायची सोय उरली नाही. माझी अडचण पैसा कुठे जातो याची. आयसीसीच्या २०२४ ते २७ च्या वाटपात भारताचा हिस्सा ३८.५ टक्के. इंग्लंडचा ६.८९, ऑस्ट्रेलियाचा ६.२५. आणि नव्वदहून अधिक असोसिएट (कसोटीचा दर्जा नसलेले) देश मिळून ११ च्या आसपास. आपण म्हणतो, आम्ही कमावतो, आम्हीच घेणार. घरातला मोठा भाऊ असं म्हणायला लागला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. २००७ चं आयर्लंड पुन्हा घडायचं तर आयर्लंडला मैदानं, प्रशिक्षक, दौरे लागतात. दाराला कुलूप आणि तिजोरीही आपल्याकडे.

प्रभातफेरी

२०२७ च्या वर्ल्ड कपला परत १४ संघ आहेत, हे तुम्ही सोयीस्करपणे वगळलंत.

लेगबाय_चोर

वगळलं नाही, विसरलो. चांगली गोष्ट आहे. भारत-पाकिस्तान एका गटात नसतील तर मी तुम्हाला मिसळ खिलवीन.

प्रभातफेरी

म्हणजे मिसळ गेली.

महालकर_१९४८

२०२५ च्या आशिया कपचे तिन्ही भारत-पाकिस्तान सामने सप्टेंबरच्या १४, २१ आणि २८ तारखांना झाले. तिन्ही रविवार. एप्रिलमध्ये पहलगाम, मेमध्ये युद्धासारखी स्थिती, सप्टेंबरमध्ये तीन रविवार. खेळाडूंनी हस्तांदोलन केले नाही, जेत्यांनी चषक स्वीकारला नाही. जाहिराती मात्र तिन्ही दिवशी सुरळीत लागल्या. माझ्या नातवाने विचारले, आजोबा, बोलायचे नसेल तर खेळायचे कशाला? मी त्याला चहा आणायला पाठवले.

सोनचाफा

काका _/\_

लेगबाय_चोर

मावसभावाला धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, तू एक गोष्ट लिहिलीच नाहीस. त्या दिवशी त्यांच्या पुढे आयर्लंडहून आलेले सहा जण बसले होते. आपण पहिल्या फेरीतच हरणार म्हणून त्यांनी दोनच आठवड्यांची रजा काढली होती. संघ जिंकत राहिला, ते रोज साहेबाला फोन करून रजा वाढवत राहिले. एकाची नोकरी गेली होती आणि तो सगळ्यांना बीअर पाजत होता. भाऊ म्हणतो, भारत-पाकिस्तान मी बारा वेळा बघितला असेन, लक्षात एकही नाही.

आता जुलै २०२६ मध्ये फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल त्याच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. तिकिटाचे दर बघून त्याने नवीन टीव्ही घेतला, तो स्वस्त पडला.

दहा_सेकंद

१५ फेब्रुवारीला मी ऑफिसात असेन. समोर चार स्क्रीन, चारही म्यूट, आणि हातात स्पॉटची यादी. स्कोअर काय झाला ते मला घरी आल्यावर नवरा सांगतो.

खारे_दाणे

फोटो अजून आला नाही.